एकाच कार्डावर दार, हजेरी, ग्रंथालय आणि कँटीन: स्मार्ट कार्ड आतून कसं चालतं आणि कोणतं घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेतल्या साधारण दीड हजार लोकांना एकच कार्ड द्यायचं आहे. त्यावर दारं उघडायची, हजेरी लागायची, ग्रंथालयातली पुस्तकं नोंदवायची आणि पुढेमागे कँटीनचे पैसेही कापायचे. पुरवठादाराने प्रॉक्सिमिटी, मायफेअर, डेसफायर आणि ड्युअल इंटरफेस अशी चार नावं सांगितली. चारही कार्डांना तो ‘स्मार्ट कार्ड’च म्हणतो, भाव मात्र चौघांचे वेगळे. ही कार्डं आतून चालतात कशी आणि त्यातलं कोणतं घ्यावं, हे तुम्हाला हवं आहे.

बहुतेक जण वर सोनेरी चिप दिसते का, कार्ड खोचायचं की टेकवायचं, यावरून प्रकार ठरवतात. निवड करताना हा मुद्दा दुसऱ्या नंबरचा. आधी हे विचारा की रीडरने प्रश्न केल्यावर कार्ड करतं काय. काही कार्डं नुसता आपला क्रमांक सांगतात, विचारेल त्याला. काहींच्या मेमरीत माहिती असते आणि तिच्यावर किल्लीची, म्हणजे एका गुप्त संख्येची, अट असते. काहींत मात्र खराखुरा छोटा संगणक असतो. तो गुप्त किल्ली कधीच बाहेर काढत नाही, तिच्या आधारे आतल्या आत गणित करून फक्त उत्तर देतो. कार्डाची नक्कल होऊ शकते का, पैसे ठेवायला ते लायक आहे का, हे या फरकावर ठरतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. दारांवर आधीच रीडर बसलेत का? सगळी दारं कायम नेटवर्कवर असतात का? कँटीनची शिल्लक सर्व्हरवर ठेवणार की कार्डावर? आणि किल्ल्या कोणाच्या ताब्यात राहणार, तुमच्या की पुरवठादाराच्या? जिथे उत्तर यावरून बदलतं तिथे तसं सांगतो.

खोचायच्या कार्डापासून सुरुवात करू, कारण आतला कारभार त्यात स्पष्ट दिसतो. कार्डाचं माप ठरलेलं आहे: ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६ मिलिमीटर. सोनेरी तुकडा म्हणजे चिप नव्हे, ते संपर्कबिंदू आहेत. खरी चिप त्याच्या पाठीमागे काही मिलिमीटरांच्या जागेत चिकटवलेली असते. आयएसओ ७८१६ या मानकात आठ बिंदूंच्या जागा ठरलेल्या आहेत. एकावर वीज (५, ३ किंवा १.८ व्होल्ट), एकावर रीसेट, एकावर क्लॉक, एक ग्राउंड आणि एक माहितीच्या येण्याजाण्याचा. उरलेल्यांपैकी एकावर पूर्वी मेमरीत लिहिण्यासाठी वेगळा व्होल्टेज द्यावा लागे, आता लागत नाही. दोन राखीव आहेत, म्हणून अनेक कार्डांवर सहाच बिंदू दिसतात. माहितीची तार एकच असल्यामुळे रीडर आणि कार्ड आळीपाळीने बोलतात.

कार्ड आत गेलं की रीडर वीज देतो, क्लॉक सुरू करतो आणि रीसेटची रेघ वर करतो. त्यावर कार्ड आपली ओळख पाठवतं. तिला एटीआर म्हणतात, म्हणजे रीसेटला दिलेलं उत्तर. जास्तीत जास्त ३३ बाइट. पहिला बाइट ३बी किंवा ३एफ असतो (हे आणि पुढचे असे आकडे षोडशमान, म्हणजे हेक्स, पद्धतीतले आहेत) आणि त्यावरून पुढचे बिट सुलटे वाचायचे की उलटे हे कळतं. कार्डाला कोणता वेग आणि कोणता प्रोटोकॉल चालतो हेही त्यातच असतं. सुरुवातीला एका बिटाला क्लॉकचे ३७२ ठोके लागतात. क्लॉक साधारण ३.५७ मेगाहर्ट्झ धरला तर वेग सेकंदाला ९६०० बिट येतो. वेग वाढवायचा की नाही हे त्यानंतर रीडर ठरवतो.

पुढचं सगळं बोलणं आज्ञा आणि उत्तर अशा जोड्यांमध्ये चालतं. आज्ञेला एपीडीयू म्हणतात: पहिला बाइट वर्ग, दुसरा आज्ञा, मग दोन पॅरामीटर, मग माहितीची लांबी, मग माहिती. पिन तपासायची एक नेहमीची आज्ञा अशी दिसते: ००, २०, ००, ०१, ०४, ३१, ३२, ३३, ३४. इथे २० म्हणजे ‘तपासा’, ०१ म्हणजे पहिली पिन, ०४ म्हणजे पुढे चार बाइट आहेत, आणि शेवटचे चार म्हणजे १२३४ हे आकडे. उत्तराच्या शेवटी नेहमी दोन बाइटांचा निकाल येतो. ९००० आलं तर काम झालं. ६३सी२ म्हणजे पिन चुकली आणि दोन प्रयत्न उरले. ६९८३ म्हणजे पिन ब्लॉक झाली. ६ए८२ म्हणजे मागितलेली फाइल किंवा अॅप्लिकेशन कार्डावर नाही. ६९८२ म्हणजे ते आहे, पण तुम्ही अजून अधिकार सिद्ध केलेला नाही. पुरवठादाराचा माणूस ‘कार्ड खराब आहे’ म्हणाला की त्याच्याकडून हे दोन बाइट मागून घ्या. बहुतेक वेळा दोष कार्डाचा आहे, किल्लीचा आहे की सॉफ्टवेअरचा, ते तिथेच उघड होतं.

पिनच्या बाबतीत एक बारकावा महत्त्वाचा आहे. नीट लिहिलेलं कार्ड पिनची तुलना करण्याआधी उरलेल्या प्रयत्नांचा आकडा एकाने कमी करून कायम मेमरीत लिहितं, मग तुलना करतं, आणि पिन बरोबर निघाली तरच आकडा पूर्ववत करतं. क्रम उलटा ठेवला तर चोर चुकीच्या उत्तराची चाहूल लागताच वीज तोडेल, आकडा कमीच होणार नाही, आणि चार अंकी पिनचे दहा हजार पर्याय निवांत करून बघता येतील. स्मार्ट कार्डाची सुरक्षा अशा छोट्या क्रमांवर उभी असते.

आता मुख्य भाग. किल्ली बाहेर न काढता कार्ड स्वतःला सिद्ध कसं करतं? रीडर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, दर वेळी नवी. कार्ड आपल्या आतल्या किल्लीने तिच्यावर गणित करतं (आजकाल बहुधा एईएस या प्रमाणित सांकेतिक पद्धतीने) आणि निकाल परत पाठवतं. रीडरकडेही तीच किल्ली असते. तो तेच गणित करून ताळा बघतो. मधल्या संभाषणावर कोणी कान लावून बसला तरी त्याच्या हाती एक जुना प्रश्न आणि त्याचं जुनं उत्तर एवढंच लागतं. पुढच्या वेळी प्रश्न वेगळा असतो. चांगल्या कार्डात याच्या उलटही होतं, म्हणजे कार्ड रीडरला प्रश्न विचारतं, म्हणजे खोट्या रीडरला माहिती मिळत नाही. सिम कार्ड हेच करतं: नेटवर्क १२८ बिटांची यादृच्छिक संख्या पाठवतं, सिम आपल्या किल्लीने उत्तर काढतं, किल्ली सिमच्या बाहेर पडत नाही. बँकेच्या चिप कार्डात दर व्यवहाराला नवा क्रिप्टोग्राम, म्हणजे किल्लीने काढलेलं उत्तर, तयार होतो आणि त्यात व्यवहारांचा चढता मोजणीअंकही गुंफलेला असतो, म्हणून जुना क्रिप्टोग्राम पुन्हा चालत नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनमध्येही आत हीच चिप असते. तिथे खाजगी किल्ली चिपमध्येच जन्मते आणि सही आतच होते.

हे करायला चिपमध्ये प्रोसेसर, काही किलोबाइट रॅम, दहा-वीसपासून काही शे किलोबाइट कायम मेमरी, क्रिप्टोसाठी (सांकेतिक गणितासाठी) वेगळं सर्किट आणि यादृच्छिक संख्या देणारा भाग असतो. व्होल्टेज, तापमान, प्रकाश यांत गडबड दिसली तर थांबणारे सेन्सर असतात. हे सेन्सर हौसेखातर नाहीत. चिप किती वीज खाते याचा आलेख काढून किल्ली शोधता येते हे १९९० च्या दशकाच्या शेवटी जाहीरपणे दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून चांगल्या चिपांमध्ये त्याविरुद्ध बंदोबस्त केला जातो.

आता टेकवायची कार्डं. यांच्यात बॅटरी नसते. कार्डाच्या कडेने तारेचे काही वेढे घातलेले असतात, रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि त्या वेढ्यांत निर्माण झालेल्या विजेवर चिप जागी होते. कार्ड स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. ते आपल्यावरचा विजेचा भार कमीजास्त करतं आणि रीडरला आपल्या क्षेत्रात तो फरक जाणवतो. तेच कार्डाचं बोलणं. आयएसओ १४४४३ या मानकातलं अंतर साधारण १० सेंटिमीटरपर्यंत मानलं जातं, पण क्रिप्टो करणाऱ्या चिपला वीज जास्त लागते, म्हणून प्रत्यक्षात तीन ते पाच सेंटिमीटर धरून चाला. ‘आमचं जुनं कार्ड लांबून चालायचं, हे नवं भारी असून टेकवावं लागतं’ ही तक्रार हमखास येते, तेव्हा लोकांना कारण आधीच सांगून ठेवा. आणि कार्ड झटकन फिरवायची सवय मोडा: क्रमांक वाचायला क्षणही पुरतो, पण प्रश्नोत्तराच्या दोन-तीन फेऱ्या होईपर्यंत ते स्थिर राहावं लागतं.

रीडरच्या क्षेत्रात एकाहून जास्त कार्डं आली तर आधी प्रत्येकाचा यूआयडी, म्हणजे चिपचा अनुक्रमांक, विचारून एकेकाला बाजूला काढलं जातं. हा यूआयडी चार, सात किंवा दहा बाइटांचा असतो. तो कोणतीही किल्ली न मागता, साध्या रूपात, विचारेल त्याला मिळतो, कारण तो कार्डांची टक्कर टाळायला ठेवलेला आहे, ओळख पटवायला नाही. ई-पासपोर्टातल्या अनेक चिपा तर माग काढता येऊ नये म्हणून दर वेळी नवा यादृच्छिक यूआयडी देतात.

आणि नेमकी इथेच सर्वात मोठी फसगत होते. कितीतरी ठिकाणी महागडं डेसफायर कार्ड घेतलेलं असतं, पण दारावरचा रीडर फक्त यूआयडी वाचतो आणि दार उघडायचं की नाही ते ठरवणारा कंट्रोलर तो यादीत आहे का एवढंच बघतो. आतलं एईएस, किल्ल्या, अॅप्लिकेशन, काहीच वापरलं जात नाही. यूआयडी बदलता येणारी कोरी कार्डं बाजारात सर्रास मिळतात, त्यामुळे अशा दाराची सुरक्षा सर्वात स्वस्त कार्डाइतकीच राहते. भाव महाग कार्डाचा दिलेला असतो आणि मिळालेला असतो फक्त क्रमांक. पुरवठादाराला हा प्रश्न लेखी विचारा: ‘दार उघडताना रीडर कार्डाच्या अॅप्लिकेशनमधली किल्ली तपासतो की फक्त यूआयडी वाचतो?’ उत्तर टाळलं तर यूआयडीच वाचतो असं समजा.

आता तुम्हाला सांगितलेले प्रकार.

प्रॉक्सिमिटी म्हणून विकलं जाणारं कार्ड बहुधा १२५ किलोहर्ट्झवर चालतं. ईएम४१०० हा त्यातला सर्रास आढळणारा प्रकार: ६४ बिट, त्यातले ४० बिट क्रमांकाचे, बाकी सुरुवातीच्या खुणेचे आणि तपासणीचे. वीज मिळाली की हे कार्ड आपला क्रमांक पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. ना किल्ली, ना गणित. याला स्मार्ट कार्ड म्हणणं चूक आहे. हातात मावेल अशा छोट्या यंत्राने काही सेकंदांत त्याची प्रत निघते. नुसती हजेरी असेल आणि बाजूला पहारेकरी किंवा कॅमेरा असेल तर ते चालून जातं. कुलपासाठी किंवा पैशांसाठी घेऊ नका.

संपर्काचं मेमरी कार्ड हा जुना प्रकार आहे. १९८३ पासून फ्रान्समध्ये टेलिफोन कार्डं म्हणून आली ती मेमरी कार्डंच होती. आज एसएलई४४४२ आणि त्याच्या सारख्या चिपा दिसतात: २५६ बाइट मेमरी, तीन बाइटांचा गुप्त कोड, तीन चुकांनंतर लिहिणं कायमचं बंद. दोन गोष्टी लक्षात घ्या. कोड फक्त लिहिण्यासाठी लागतो, वाचायला काहीच लागत नाही. आणि कोड तारेवरून साध्या रूपात जातो, त्यामुळे रीडर आणि कार्ड यांच्यामध्ये तपासणीचं यंत्र लावणाऱ्याला तो दिसतो. शिवाय ही कार्डं वर सांगितलेल्या एपीडीयूच्या भाषेत बोलत नाहीत, म्हणून संगणकाचा साधा स्मार्ट कार्ड रीडर त्यांना ओळखेलच असं नाही. तुमच्या कामाला याची गरज नाही.

नुसतं ‘मायफेअर’ म्हटलं की विक्रेत्याच्या मनात बहुधा मायफेअर क्लासिक असतं. एक किलोबाइटच्या कार्डात १६ सेक्टर, प्रत्येकात १६ बाइटांचे चार ब्लॉक. प्रत्येक सेक्टरच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये दोन किल्ल्या आणि त्यांच्यामध्ये परवानग्यांचे बिट असतात. ते आणि कारखान्याचा पहिला ब्लॉक वजा केला तर वापरायला ७५२ बाइट उरतात. रचना सुटसुटीत आहे, म्हणूनच ते जगभर पसरलं. पण किल्ली ४८ बिटांची आणि क्रिप्टो-१ हा अल्गोरिदम कंपनीने गुप्त ठेवलेला. २००८ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी तो फोडून दाखवला. आज जुन्या चिपांच्या किल्ल्या सहज मिळणाऱ्या साधनांनी काही मिनिटांत निघतात. नव्या चिपांमध्ये यादृच्छिक संख्या सुधारली आहे, पण मूळ दुबळेपणा गेलेला नाही. कँटीनची शिल्लक क्लासिकवर ठेवली तर कोणीतरी कार्डाची प्रत साठवून ठेवेल, जेवेल, आणि जुनी शिल्लक परत कार्डावर चढवेल. शिल्लक सर्व्हरवर असेल तर हा धोका टळतो, पण दुसऱ्याचं कार्ड नक्कल करून त्याच्या खात्यावर जेवणं तरीही शक्य राहतं. नव्या कामाला क्लासिक घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

क्लासिकबद्दल आणखी एक व्यावहारिक धोका: परवानग्यांच्या बिटांची रचना चुकीची लिहिली गेली तर तो सेक्टर कायमचा कुलूपबंद होतो. कार्डं स्वतः प्रोग्रॅम करणार असाल तर ते बिट आधी एका फालतू कार्डावर लिहून तपासा.

मायफेअर अल्ट्रालाइट हे कागदी तिकिटांत घालण्याजोगं छोटं कार्ड, मूळ प्रकारात ६४ बाइट आणि किल्लीच नाही. एका दिवसाच्या पाहुण्यांच्या पाससाठी ठीक. मायफेअर प्लस हा मधला मार्ग आहे: सुरुवातीला ते क्लासिकसारखं वागतं आणि नंतर वरच्या सुरक्षा पातळीवर नेलं की एईएस वापरतं. पातळी फक्त वर नेता येते, खाली आणता येत नाही. तुमच्याकडे क्लासिकचे शेकडो रीडर आधीच असतील आणि ते टप्प्याटप्प्याने बदलायचे असतील, तरच याचा विचार करा.

डेसफायर तुमच्या कामाला नेमकं बसतं. त्यात स्वतंत्र अॅप्लिकेशन करता येतात (ईव्ही१ या आवृत्तीत २८ पर्यंत), प्रत्येकाला १४ पर्यंत किल्ल्या आणि आत वेगवेगळ्या फाइली. दारांचं एक अॅप्लिकेशन, ग्रंथालयाचं दुसरं, कँटीनचं तिसरं. कँटीनच्या ठेकेदाराला फक्त त्याची किल्ली द्यायची, दारांच्या किल्ल्यांचा त्याच्याशी संबंधच नाही. पैशांसाठी खास मूल्य-फाइल असते. तिच्यातून रक्कम वजा करायची आज्ञा दिली तरी शेवटी ‘पक्कं करा’ ही आज्ञा मिळेपर्यंत बदल लागू होत नाही. माणसाने मध्येच कार्ड उचललं तर जुनी शिल्लक जशीच्या तशी राहते; अर्धवट लिहिलेली रक्कम कधीच सापडत नाही. घाईच्या वेळी रांगेत कार्ड लवकर उचललं जातंच, म्हणून हा गुण कागदावर दिसतो त्याहून फार मोठा आहे. घ्यायचं तर ईव्ही२ किंवा ईव्ही३ घ्या. अगदी पहिल्या डेसफायर चिपवर, एमएफ३आयसीडी४० वर, वीजवापराच्या आलेखावरून किल्ली काढण्याचा हल्ला २०११ मध्ये जाहीर झाला. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका.

त्याच्याही वर जावा कार्ड आहे. त्यावर स्वतःचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे अॅपलेट, चढवता येतात. ईमेलवर डिजिटल सही, संगणकावर लॉगिन, अशी कामं हवी असतील तर हे. तुमच्या यादीत ती नाहीत, त्यामुळे विनाकारण खर्च वाढवू नका. घेतलंच तर एक धोका माहीत असू द्या: कोऱ्या कार्डांवर बहुधा ४०, ४१, ४२ अशी ४एफ पर्यंत जाणारी सर्वांना ठाऊक असलेली चाचणी-किल्ली असते. ती बदलायची राहिली तर कोणीही आपला अॅपलेट चढवू शकतो, आणि चुकीची किल्ली पुन्हा पुन्हा वापरली तर अनेक कार्डं दहा प्रयत्नांनंतर कायमची बंद होतात.

ड्युअल इंटरफेस म्हणजे एकच चिप, पण तिच्याकडे जायला संपर्कबिंदू आणि अँटेना असे दोन रस्ते. हायब्रिड कार्डात मात्र दोन वेगळ्या चिपा असतात आणि त्यांना एकमेकींची माहिती नसते. एका बाजूने लिहिलेलं दुसरीकडून वाचता येत नाही. विक्रेते ही दोन्ही नावं सरमिसळ करतात. तुम्हाला दोन्ही रस्ते लागतच नसतील तर साधं टेकवायचं कार्ड जास्त टिकतं, कारण त्यात झिजायला संपर्कबिंदू नसतात. जुने १२५ किलोहर्ट्झचे रीडर लगेच काढता येत नसतील तर १२५ किलोहर्ट्झ आणि डेसफायर अशा दोन चिपांचं हायब्रिड कार्ड संक्रमणाच्या काळापुरतं उपयोगी पडतं. फक्त संक्रमण संपल्याची तारीख ठरवा. जुना रीडर चालू असेपर्यंत सगळी यंत्रणा जुन्या रीडरइतकीच कच्ची असते.

इथपर्यंतचा हिशेब: क्रमांक म्हणणारं कार्ड कुलपासाठी नको, क्लासिक नव्याने नको, डेसफायर घ्या पण रीडर त्याची किल्ली खरोखर वापरतो याची खात्री करा. आता कार्डाबाहेर काय बिघडतं ते.

पहिली गोष्ट किल्ल्या. सगळ्या दीड हजार कार्डांत एकच किल्ली ठेवली तर एक कार्ड फुटलं की सगळी फुटली. म्हणून मूळ मास्टर किल्ली आणि कार्डाचा यूआयडी यांवरून प्रत्येक कार्डाची वेगळी किल्ली काढतात, यासाठी एईएस-सीमॅक ही पद्धत रूढ आहे. रीडर यूआयडी वाचतो, त्या कार्डाची किल्ली जागेवर काढतो आणि मग प्रश्नोत्तर करतो. मास्टर किल्ली रीडरच्या साध्या मेमरीत न ठेवता सॅम नावाच्या सिमएवढ्या स्मार्ट कार्डात ठेवली तर रीडर चोरीला गेला तरी ती हाती लागत नाही. आणि मास्टर किल्ली तुमच्याच ताब्यात हवी, दोन माणसांकडे अर्धी अर्धी. करारात हे लिहिलं नाही, तर पुढची कार्डं कायम त्याच पुरवठादाराकडून, तो सांगेल त्या भावाने घ्यावी लागतात. कार्डं हाती आल्यावर कारखान्याची शून्यांची मूळ किल्ली बदललेली आहे का हेही तपासा.

दुसरी गोष्ट रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची तार. अनेक दारांवर अजून २६ बिटांचं वीगँड, म्हणजे या तारेवरून क्रमांक पाठवायची जुनी पद्धत, असतं: ८ बिट संस्थेचा कोड, १६ बिट कार्ड क्रमांक, २ बिट तपासणीचे. क्रमांक ६५,५३६ च शक्य, आणि माहिती साध्या रूपात. कार्डातलं उत्तम एईएस रीडरपाशी संपतं आणि पुढे तोच उघडा क्रमांक तारेवरून जातो. रीडरचं झाकण काढून तार जोडणाऱ्याला तो टिपता येतो आणि नंतर परत पाठवता येतो. सात बाइटांचा यूआयडी २६ बिटांत कापून बसवला तर दोन वेगळ्या कार्डांचा क्रमांक एकच येऊ शकतो, आणि मग एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागते. असा घोळ शोधायला फार वेळ जातो, कारण कार्डं दोन्ही चांगली असतात. नवीन कंट्रोलर घेत असाल तर ओएसडीपी (रीडर आणि कंट्रोलर यांच्या बोलण्याची नवी पद्धत) आणि त्याचा एन्क्रिप्टेड चॅनेल मागा, आणि तो नुसता ‘उपलब्ध’ आहे की प्रत्यक्ष चालू केलाय हे विचारा.

तिसरी गोष्ट कार्डाचं शरीर. गळ्यातल्या दोरीसाठी कार्डाला भोक पाडताना अँटेनाचा वेढा कापला जातो आणि कार्ड मरतं. भोकाची जागा छापण्याआधी पुरवठादाराकडून लेखी घ्या, किंवा भोकच न पाडता होल्डर वापरा. कार्ड धातूच्या कपाटाच्या दारावर बसवलेल्या रीडरवर नीट चालत नसेल तर दोष बहुधा धातूचा असतो; तो क्षेत्र गिळतो. मध्ये फेराइटचा पत्रा किंवा काही सेंटिमीटरांचा प्लास्टिकचा ठोकळा घातला की अंतर सुधारतं. पाकिटात बँकेचं टेकवायचं कार्ड जवळच असेल तर रीडरला दोन कार्डं दिसतात आणि काही रीडर अशा वेळी मुद्दाम गप्प बसतात. मागच्या खिशात ठेवून बसलं की कार्ड वाकतं, चिप आणि अँटेना यांच्यातला जोड तुटतो. असं कार्ड कधी चालतं, कधी नाही. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते वाकडं होऊ शकतं. दहा वर्षं टिकायची अपेक्षा असेल तर पॉलिकार्बोनेट मागा, दोन-चार वर्षांच्या ओळखपत्राला पीव्हीसी पुरतं.

हातातलं कार्ड कोणतं आहे हे तुम्हाला स्वतः ओळखता येईल. एनएफसी असलेला फोन आणि टॅगइन्फो हे अॅप घ्या. कार्ड फोनच्या पाठीला लावा. दारावर चालणारं कार्ड फोनला अजिबात दिसलं नाही तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं, कारण फोन ती वारंवारता वाचत नाहीत. दिसलं तर एसएके नावाचा बाइट बघा: ०८ म्हणजे एक किलोबाइट क्लासिक, १८ म्हणजे चार किलोबाइट क्लासिक, ०० म्हणजे अल्ट्रालाइटच्या घराण्यातलं, २० म्हणजे डेसफायर किंवा तसं प्रोसेसर कार्ड. काही फोन क्लासिकचा फक्त यूआयडी दाखवतात आणि आतलं वाचत नाहीत, कारण क्रिप्टो-१ सगळ्या एनएफसी चिपांमध्ये नसतो. त्यावरून कार्ड सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. फोन नसेल तर पातळ पांढऱ्या कार्डामागून टॉर्च मारा: मध्यभागी बारीक तारेचं दाट गोल वेटोळं दिसलं तर कमी वारंवारतेचं, कडेने चौकोनी चार-सहा वेढे दिसले तर १३.५६ मेगाहर्ट्झचं.

मागणी नोंदवण्याआधी पुरवठादाराकडून दहा नमुना कार्डं आणि एक रीडर घ्या आणि तुमच्याच दारावर, तुमच्याच कंट्रोलरला जोडून बघा. त्यातल्या एका कार्डाचा यूआयडी, तो बदलता येणाऱ्या कोऱ्या कार्डावर पुरवठादारासमोरच लिहायला लावा आणि ते कार्ड दाराला टेकवा. सात बाइटांच्या यूआयडीसाठी तसंच कोरं कार्ड लागतं, ते आधी मागवून ठेवा. दार उघडलं तर रीडर यूआयडीवरच चाललाय. त्याचं कॉन्फिगरेशन बदलून तीच चाचणी पुन्हा घ्या. त्यानंतर कँटीनच्या यंत्रावर रक्कम कापली जात असताना कार्ड मुद्दाम मध्येच उचला, वीस-तीस वेळा, वेगवेगळ्या क्षणी, आणि दर वेळी शिल्लक व यंत्रावरची नोंद जुळते का ते तपासा. या दोन्ही चाचण्या पार पडल्याची सही घेऊन मगच उरलेल्या कार्डांची मागणी द्या.